जुनी मुखपृष्ठं भिंतीवर: अस्सल पान की छापील प्रत?

'दीपावली' या नियतकालिकाच्या जुन्या अंकावरचं चित्रकार दीनानाथ दलालांचं चित्र भिंतीवर लावायचंय. अस्सल पानच फ्रेम करावं, की स्कॅन करून प्रत काढावी? दिसण्यात अस्सल पान सरस, यात वाद नाही. पण नागपुरात हा हिशेब कूलर बिघडवतो.

एप्रिल ते जून खिडकीतला कूलर ओली हवा फेकत राहतो. बंद केला की खोली पुन्हा ठणठणीत कोरडी. कागद फुगतो, आकसतो आणि त्याला लाटा येतात. काचेला टेकलेला आर्टपेपर, म्हणजे मुखपृष्ठाचा गुळगुळीत कागद, ओल धरून काचेलाच चिकटतो. ओढलात तर शाईसकट वरचा थर तिथेच राहतो. ही एक कटकट बाकी सगळ्या मुद्द्यांवर भारी पडते.

तरी अस्सलच हवं असेल, तर काच आणि पान यांच्यात दोनेक मिलिमीटरचा आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घाला. साध्या माउंटची कड वर्षागणिक पानावर तपकिरी रेघ ओढते. पान फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने टांगा. चारही कडा डकवल्या तर फुगायला जागा उरत नाही. सेलोटेप आणि फेव्हिकॉलला फ्रेमवाल्याला आधीच नाही म्हणा. फ्रेमच्या मागे कॉर्कचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल थेट लागणार नाही. पश्चिमेची तापणारी भिंत टाळा: उन्हात पिवळा आणि गुलाबी आधी उडतात, चित्र निळसर पडतं. आणि धड अंकाचं मुखपृष्ठ कापू नका. रद्दीत सुटलेलं पान मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

प्रतीतली अडचण एकच, पण चिवट. मूळ छपाईच्या ठिपक्यांमुळे स्कॅनमध्ये जाळी उमटते. 600 डीपीआयवर स्कॅन करा, डीस्क्रीन (ठिपक्यांची जाळी पुसणारा स्कॅनरचा पर्याय) लावा, मग 300 वर आणा. दीडपटीपेक्षा मोठं केलं तर ठिपके डोळ्यांत येतात. मॅट कागद आणि पिगमेंट शाई मागा. प्रती विकू मात्र नका: दलाल 1971 साली गेले, आणि स्वामित्वहक्क मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

एसीची खोली असेल तर अस्सल पान खुशाल लावा. कूलरच्या घरात प्रतच बरी वाटते. अस्सल पान मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात, आडवं, कपाटात ठेवा. पावसाळ्यात कसर लागली नाही ना, तेवढं बघत राहा.