कॉर्ड्युराच्या नावाखाली गळ्यात मारलेल्या स्लिंग बॅगा: माझे ६,०४७ रुपये गेले, तुमचे सांभाळा

जाहिरात बघून ऑनलाइन मागवलेल्या दोन स्लिंग बॅगांचे ५,६९७ रुपये, आणि वर ‘रिटर्न पिकअप’च्या नावाखाली उकळलेले ३५०. एकूण ६,०४७. बॅग तुटून दादाचा फोन आपटला, त्याच्या स्क्रीनचे ४,८०० या हिशेबात धरलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असंच काही आज किंवा काल घडलं असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी १९३० वर फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा तो राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे आणि तिथे उशीर करून चालत नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवायला या लोकांना फार वेळ लागत नाही.

असल्या जाहिराती कशा असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘गोदाम रिकामं करतोय’, ७,४९९ वर काट मारून २,९९९, खाली उलटं पळणारं घड्याळ. मलाही ठाऊक होतं. अशा जाहिराती मी रोज बघते आणि पुढे सरकते. ही वेगळी का वाटली ते नीट सांगते, कारण जाळं तिथेच लावलेलं होतं.

मला रोज वापरायला एक टिकाऊ बॅग हवी होती. फोन, पाकीट, किल्ल्या, पॉवर बँक, औषधांची छोटी डबी, एवढंच मावलं की झालं. आधीच्या दोन बॅगा पावसाळ्यात गेल्या; एकीची चेन अडकून बसली, दुसरीच्या आतला थर सोलून सगळ्या सामानाला चिकटला. म्हणून यावेळी मी नीट अभ्यास केला. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे मला तेव्हा कळलं. कापड नायलॉनचं की पॉलिस्टरचं हे विचारायला हवं, पट्टा जिथे बॅगेला जोडला जातो तिथे बारटॅक हवा, म्हणजे एकाच जागी गच्च मारलेले आडवे टाके. चेन वायकेके या नावाजलेल्या कंपनीची असावी, बक्कलही ड्युराफ्लेक्ससारख्या नावाजलेल्या कंपनीचं असावं. हे सगळं मी शिकले आणि नेमकं हेच सगळं त्या जाहिरातीतून उघडलेल्या वेबसाइटच्या पानावर लिहिलेलं होतं. १००० डेनियर कॉर्ड्युरा, म्हणजे मजबूत कापडाचा नावाजलेला ब्रँड. वायकेके चेन. ड्युराफ्लेक्स बक्कल. नायलॉनचा पट्टा. बारटॅकचा इतक्या जवळून काढलेला फोटो की टाके मोजता यावेत.

मी हावरट म्हणून अडकले नाही, चौकशी केली म्हणून अडकले. ज्याला या शब्दांचा गंध नाही तो माणूस त्या पानावर थांबलाच नसता. ते पान माझ्यासारख्यांसाठीच बनवलेलं होतं, जे बॅग घेण्याआधी आठवडाभर वाचतात आणि मग ओळखीचे शब्द दिसले की निर्धास्त होतात. तेव्हा वस्तूच्या वर्णनात काय लिहिलंय याला काडीची किंमत देऊ नका. शब्द कुणालाही टाइप करता येतात, फोटो कुणालाही चोरता येतात.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाची आग होते.

एक माझ्यासाठी आणि एक दादासाठी, अशा दोन बॅगा घेतल्या. तो दिवसभर दुचाकीवर असतो, त्याला छातीवर अडकवायची बॅग हवीच होती. २,९९९ च्या दोन. आधी पैसे भरले तर बॅगेमागे २०० सूट, म्हणून ५,५९८. ‘शिपमेंट प्रोटेक्शन’चे ९९ आपोआप जोडले गेले, ५,६९७ झाले. क्यूआर कोड स्कॅन केला. पिन टाकायच्या आधी यूपीआय अ‍ॅप पैसे कुणाच्या खात्यात चाललेत त्याचं नाव दाखवतं. वेबसाइटवर इंग्रजी वळणाचं झकास नाव होतं. माझ्या स्क्रीनवर आलं एका माणसाचं नाव आणि आडनाव. कंपनी नाही, फर्म नाही, दुकान नाही. मी ते नाव वाचलं. नजरेतून सुटलं असं नाही, स्वच्छ वाचलं. आणि मनात म्हटलं, मालकाचं खातं असेल.

यात माझं काय चुकलं ते मला कुणीतरी सांगावं. कोपऱ्यावरचा भाजीवाला, केश कर्तनालय, शिकवणी, सगळीकडे क्यूआर स्कॅन केला की मालकाचंच नाव येतं. बॅगा बनवणारे कितीतरी लहान उद्योग मालकाच्या खात्यावरच चालतात. पण फरक आता कळतो. भाजीवाला समोर उभा असतो. ७,४९९ ची छापील किंमत मिरवणारा, देशभर माल पाठवतो म्हणणारा ‘ब्रँड’ वैयक्तिक खात्यात पैसे का घेतो, हा प्रश्न विचारायला मला फक्त दहा सेकंद थांबायचं होतं आणि वर ते घड्याळ ०४:१२, ०४:११ करत पळत होतं. ते घड्याळ त्या दहा सेकंदांसाठीच तिथे ठेवलेलं असतं. नंतर मी पान पुन्हा उघडलं तेव्हा घड्याळ परत दहा मिनिटांवरून सुरू झालं होतं. हे तुम्ही आधी करून बघा. पान बंद करा, उघडा, घड्याळ नव्याने सुरू झालं तर तिथून निघा.

पार्सल आलं. करड्या प्लास्टिकच्या पिशवीत, खोका नाही. लेबलवर वस्तूची किंमत लिहिलेली होती: १८० रुपये. पाठवणाऱ्याच्या जागी ‘रिटर्न सेंटर’ आणि एका औद्योगिक वसाहतीचं नाव, गाळा नंबर नाही. ते लेबल मी जपून ठेवलंय. तुम्हीही पार्सलवरचं लेबल कधी फाडून टाकू नका, पुढे पुरावा म्हणून तेवढंच हातात राहतं.

बॅग लांबून बरी दिसत होती. हातात घेतल्यावर रॉकेलसारखा वास. कापड आतून बाहेर केलं तर शिवणीच्या कडांना पट्टी नाही, उघड्या कडांतून धागे सुटलेले, आणि आतला पांढरट थर नखाने घासला की पावडर होऊन हाताला लागत होता. चेनच्या ओढायच्या पट्टीवर ‘वायकेके’ होतं, पण रनर, म्हणजे चेनवर सरकणारा भाग, उलटून पाहिला तर मागे कोरं. नुसत्या ओढपट्टीवरच्या अक्षरांना काही अर्थ नसतो, ती पट्टी सुटी मिळते आणि कुठल्याही रनरला लावता येते. बॅग वळते त्या कोपऱ्यावर चेन एका हाताने ओढली की अडकायची. ‘कॉर्ड्युरा’चं शिवलेलं लेबलही होतं. कॉर्ड्युरा हा कापडाचा ब्रँड आहे, त्याचं लेबल लावलं म्हणून कापड ते होत नाही.

पट्ट्याची खात्री मी घरीच केली. टोकाचा दोन बोटं तुकडा कापला, पाण्यात बुडवून दाबून दाबून हवा काढली आणि सोडला. तरंगला. नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, ते बुडतं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक हलकं असतं, ते वर येतं. पानावर लिहिलेला नायलॉनचा पट्टा म्हणजे स्वस्तातलं पॉलिप्रॉपिलीन होतं. आणि बारटॅक? फोटोत टाके मोजता येत होते, माझ्या हातातल्या बॅगेवर पट्ट्याला साध्या शिलाईच्या दोन ओळी होत्या, बस्स.

त्याच रात्री फोटो काढून त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवले. उत्तर लगेच आलं, अतिशय गोड: “मॅडम, काळजी करू नका, फुल रिफंड मिळेल.” मग विचारलं, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का? नव्हता. मग म्हणे, व्हिडिओ नसेल तर रिटर्न पिकअपचे ३५० भरावे लागतील, रिफंडमध्ये जोडून मिळतील. मी भरले. ५,६९७ परत मिळवायचे असतील तर ३५० कुणीही भरेल. या वेळी क्यूआरवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. पिकअपला कुणी आलं नाही, आणि मग माझा नंबर ब्लॉक झाला. रिफंडसाठी आधी पैसे मागणारा माणूस रिफंड देत नाही. कधीच नाही.

मी दादाला सांगेपर्यंत तो त्याची बॅग घेऊन कामाला गेला होता. गाडीवरून उतरताना छातीवरचं बक्कल फुटलं, पट्टा सुटला, बॅग रस्त्यावर. बक्कलचा एक दात मुळातून तुटलेला आणि तुटल्या जागी प्लास्टिक पांढरं पडलेलं. नशीब, चालत्या गाडीवर झालं नाही.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल.

बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी व्यवहार पाहिला आणि म्हणाल्या, “पिन तुम्हीच टाकलाय ना? मग हा अधिकृत व्यवहार आहे.” रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मला माहीत आहे, ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरतं आहे, हेही माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याची तक्रार त्या बँकेकडे पोचवा. त्यावर उत्तर, “ते आमच्या हातात नाही, पोलिसांत जा.” यूपीआय अ‍ॅपवर तक्रार टाकली ती ‘व्यवहार यशस्वी’ म्हणून बंद करण्यात आली. व्यवहार यशस्वी झाला हे मलाही माहीत होतं, तीच तर तक्रार होती!

पोलीस ठाण्यात दुपारभर बाकावर बसवून ठेवलं. मग अंमलदारांनी विचारलं, “ताई, वस्तू आली ना हातात? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” मी लेबलवरची १८० ची किंमत दाखवली, दोन वेगळ्या माणसांच्या खात्यांची नावं दाखवली, फोटो आणि बॅग शेजारी ठेवून दाखवली. खोटं सांगून पैसे काढून घेणं म्हणजेच फसवणूक, पूर्वी कलम ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. हे एका गिऱ्हाइकाने पोलिसांना सांगायचं? “एवढ्याशा रकमेसाठी कुठे शोधत बसणार,” असं उत्तर मिळालं. एवढीशी रक्कम! असे किती जणांचे ६,०४७ त्या दोन खात्यांत गेले असतील याचा हिशेब कुणी करायचा? प्रत्येकाची रक्कम लहान म्हणून प्रत्येकाला परत पाठवलं की चोराचा धंदा सुखाने चालतो. शेवटी तक्रार अर्ज घेतला, पोच मात्र मी अडून बसले तेव्हा मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

कुरिअरवाल्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला तर तो गोपनीय. माझा पत्ता, फोन, नाव त्या चोराकडे आहे, त्याचा पत्ता मात्र गोपनीय.

ग्राहक आयोगाचा रस्ता खरा आहे, पण त्यात एक अडचण आहे जी कुणी आधी सांगत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल होते. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. तो माझ्याकडे नव्हता, कारण पानावर तो नव्हताच. ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवणं बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं आहे. पैसे भरण्याआधी पानाच्या तळाशी जाऊन हे तपशील शोधा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि ईमेल असेल तर पुढे जाऊ नका. वस्तू कुठल्या देशात बनली तेही लिहिलेलं असावं लागतं. त्या वेबसाइटचं नाव कधी नोंदलं गेलं तेही मी नंतर तपासलं, महिनाही झाला नव्हता. हे तपासायला पैसे लागत नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बॅग शक्यतो हातात घेऊन घ्या. चेन कोपऱ्यावरून एका हाताने फिरवा, पट्टा जोडाजवळ जोरात ओढा, आतली शिवण उलटून बघा. मोठ्या आकड्याला भुलू नका, १६८० डेनियर लिहिलेलं कापड बऱ्याचदा पॉलिस्टर असतं आणि आकडा फक्त धाग्याची जाडी सांगतो, विणकामाबद्दल काहीच नाही. ऑनलाइनच घ्यायची तर उघडताना व्हिडिओ काढा, पार्सलच्या लेबलपासून सुरुवात करून, मध्ये न थांबवता. आणि ‘आधी भरा, सूट घ्या’ म्हणणाऱ्या अनोळखी पानाला नाही म्हणा. बॅगेमागे २०० रुपयांच्या सवलतीसाठी माझा वस्तू बघून पैसे देण्याचा हक्क गेला.

ते पान आता बंद आहे. पण गेल्या आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या नावाने फिरताना दिसले: करड्या फरशीवर ठेवलेली काळी स्लिंग बॅग, चेनला नारिंगी दोरी, आणि तिसऱ्या फोटोत बक्कल डाव्या बाजूला असताना चौथ्यात उजव्या बाजूला. किंमत या वेळी २,४९९. मी त्या पानाविरुद्ध दोनदा तक्रार नोंदवली, पान अजून चालू आहे. दिसलं तर तुम्हीही नोंदवा, आणि तेच फोटो आणखी कुठे वापरलेत ते इमेज सर्चने शोधून बघितल्याशिवाय त्यावर एक रुपयाही भरू नका.