चरित्र की कादंबरी? शब्बाथ शाळेच्या कपाटासाठी निवड करताना

नाताळच्या बक्षिसांसाठी किंवा शब्बाथ शाळेच्या (चर्चमध्ये मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) कपाटासाठी दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना ख्रिस्ती इतिहासावरची पुस्तके घ्यायची असली, की नागपुरातल्या पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे चरित्र आणि ऐतिहासिक कादंबरी असे दोन पर्याय असतात. पैसे मोजकेच असतील तर आधी चरित्रे घ्यावीत, असे माझे मत आहे. मात्र हाती लागेल ते कोणतेही चरित्र नव्हे.

आपल्या मुलांना सर्वांत जवळचा विषय स्टीफन हिस्लॉप यांचा. १८४५ मध्ये नागपुरात आलेले हे स्कॉटिश मिशनरी शाळा चालवीत, परिसरातल्या खडकांमधले जीवाश्म गोळा करीत आणि गोंडांविषयीची माहिती टिपून ठेवीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला. चरित्रकाराला येथेच थांबावे लागते. कादंबरीकाराला मात्र घोडा पाण्यात घालण्यापूर्वी त्यांच्या मनात काय आले, ओठांवर कोणती प्रार्थना होती, हे सारे रचावे लागते, आणि बारा वर्षांचे मूल ती रचना घडलेली गोष्ट म्हणूनच लक्षात ठेवते. म्हणून या वयासाठी, काल्पनिक काय आणि नोंदलेले काय हे प्रस्तावनेत स्पष्ट न सांगणारी कादंबरी मी घेणार नाही.

चरित्रांचा दोष याच्या उलट आहे. त्यांतली माणसे फार लवकर संत होतात. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरे यांचे मुलांसाठी लिहिलेले चरित्र हातात घेतले, तर ते त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्याविषयी काय सांगते ते आधी पाहावे. १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा पीटर वारला, डोरोथींना मानसिक आजार जडला आणि तो १८०७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत राहिला. चांभारकाम करणारा तरुण बंगालमधल्या श्रीरामपूरला जातो, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापतो, एवढेच सांगून डोरोथींना वगळणारे पुस्तक मुलांना अर्धीच हकिकत देते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रालाही हीच कसोटी लावावी : १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी धर्ममतांवरून निर्भीडपणे वाद घालत राहिल्या, हे त्यात आले आहे का?

कादंबरी कुठे सरस ठरते? जिथे नोंदीच नाहीत तिथे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून कितीतरी मुली आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. त्यांतल्या बहुतेकींचे चरित्र कुणी लिहिलेले नाही, आणि अशा एका मुलीच्या नजरेतून तो प्रवास सांगणे कादंबरीलाच शक्य आहे. नीरोच्या काळातल्या रोममधल्या सामान्य विश्वासणाऱ्यांच्या घरांबाबतही तेच म्हणता येईल. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांचे हाल गावोगावच्या प्रसंगांतून दाखवते. पण भाषा जुनी, संवादांत प्रवचन फार, त्यामुळे ती एकट्या मुलाच्या हाती न देता निवडक भाग वर्गात वाचून दाखवावेत.

तेरा-चौदा वर्षांच्या चांगल्या वाचकाला मात्र मी या दोन्हींच्या आधी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देईन. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर घरात काय उलथापालथ झाली, हे त्या स्वतः सांगतात, तेही स्वतःची फजिती न लपवता आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसत. कादंबरीची रंगत आणि चरित्राचा खरेपणा एकाच पुस्तकात क्वचितच असा मिळतो. संक्षिप्त आवृत्ती शक्यतो टाळावी, कारण काटछाटीत आधी त्यांच्या बोलण्यातला मिस्कीलपणाच जातो. पुस्तक जाड वाटले तर वर्गात दर रविवारी एखादा प्रसंग वाचून दाखवावा.