हाफ पँट, टाइट्स की ट्रॅक पँट: मुलींच्या संघाचा गणवेश ठरवताना

पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यातल्या शाळांमध्ये तालुकास्तरीय स्पर्धांची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास मुलींच्या खो-खो किंवा कबड्डी संघाचे कपडे शिवायला टाकण्याचा विषय निघतो. बैठकीला मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि दोन-तीन पालक असतात. रंग पाच मिनिटांत ठरतो, जर्सीवर शाळेचे नाव कोठे छापायचे हेही लगेच ठरते, पण पँटची लांबी ठरवताना संध्याकाळ होते. मी शाळेकडून खो-खो खेळले आहे आणि आता पालक म्हणून अशा बैठकांना बसते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत, आणि निर्णय घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा आढावा लिहीत आहे.

व्यवहारात निवड तीन प्रकारांतून करावी लागते. पहिला प्रकार म्हणजे हाफ पँट आणि बिनबाह्यांची किंवा आखूड बाह्यांची जर्सी. दुसरा, घोट्यापर्यंतची ट्रॅक पँट आणि अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. तिसरा, हाफ पँटच्या आत गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारी टाइट्स. काही शाळा अजूनही सलवार-कमीज घालून मुलींना मैदानात उतरवतात. ओढणी कमरेला बांधून धावणाऱ्या मुलीचा पाय सलवारीच्या घेरात अडकतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या चौथ्या प्रकाराची चर्चा करण्याची गरज वाटणार नाही.

हाफ पँटच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे हालचालीची मोकळीक आणि हवा. ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी दोनच्या सामन्यात, सावलीला एक लिंबाचे झाड असलेल्या मैदानावर धावणाऱ्या मुलीला प्रत्येक वीत कापड जाणवते. मात्र खो-खोची एक अडचण अशी आहे की जी बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आक्रमक संघाच्या आठ खेळाडू मधल्या पाटीवरील चौकांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडव्या बसतात, आणि खो मिळेपर्यंत त्यांची पाठ मैदानाच्या कोणत्या ना कोणत्या बाजूच्या प्रेक्षकांकडे असतेच. अशा बसण्यात सैल, आखूड पँट वर सरकते आणि जर्सी कमरेवरून उचलली जाते. मग मुलगी एका हाताने जर्सी खाली ओढत बसते, आणि ज्या क्षणी खो मिळतो त्या क्षणी तिचे लक्ष धावणाऱ्या गड्याकडे नसते. मी स्वतः अशी बसलेली आहे. आमच्या संघाची पँट मुलांच्या मापाची होती, तिचे आसन खोल आणि मांडीचा घेर मोठा होता, आणि त्या हंगामात मी किती गडी टिपले हे आता आठवत नसले तरी ती पँट मात्र स्पष्ट आठवते.

यात दोष हाफ पँटचा किती आणि मापाचा किती, हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडे मागवले जाणारे तयार संच बहुधा मुलांच्या मापावर बेतलेले असतात, आणि त्यांतल्या बिनबाह्यांच्या जर्सीचा मुंढा मुलींसाठी फारच खोल असतो. मुंढा दोन बोटे वर घेतला, पँटच्या आत अस्तराची आखूड शॉर्ट जोडली आणि कमरेला इलॅस्टिकसोबत नाडी दिली, तर निम्म्या तक्रारी कापडाच्या लांबीला हात न लावताच मिटतात. गावातला शिंपी हे काम सहज करतो. फक्त माप घ्यायला शाळेतील बाईंनी किंवा शिंपिणीने पुढे व्हावे.

ट्रॅक पँटचा लाभ मैदानापेक्षा घरात जास्त दिसतो. आठवी-नववीत मुलीचे खेळणे बंद होण्याचा जो धोका आपल्या भागात असतो, त्यात घरातील मोठ्या माणसांचा आक्षेप हे एक कारण असते, आणि पाय झाकलेले असले की तो आक्षेप बहुतेक वेळा मावळतो. ज्या घरातून पहिल्यांदाच एखादी मुलगी परगावी स्पर्धेला निघाली आहे, तिथे ही सोय क्षुल्लक समजू नये. शिवाय मुरमाड मैदानावर सूर मारताना गुडघे सोलून निघतात, आणि ट्रॅक पँट त्यांना थोडेफार वाचवते. उणीव अशी की सैल पायघोळ कापड कबड्डीत पकडीला आयते सापडते, पावसाने भिजलेल्या मैदानावर जड होते, आणि खांबाजवळ वळताना पायात येते. खालच्या टोकाला घट्ट पट्टी असलेली, निमुळती ट्रॅक पँट घेतली तर ही उणीव कमी होते. उकाडा मात्र तसाच राहतो.

अंग झाकल्याने खेळ मंदावतो, अशी एक समजूत प्रशिक्षकांमध्ये आढळते. ती अर्धीच खरी आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कॅथी फ्रीमनने ४०० मीटरचे सुवर्णपदक डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या पोशाखात जिंकले. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत बहरीनच्या रुकय्या अल घसराने डोके आणि पूर्ण अंग झाकून २०० मीटरचे सुवर्ण मिळवले. कबड्डीचे उदाहरण तर आपल्याला जरा झोंबणारे आहे. २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय महिला संघाला २०१८ मध्ये जकार्ता येथील अंतिम सामन्यात इराणने २७-२४ असे हरवले. त्या इराणी खेळाडू पूर्ण बाह्या, पायभर टाइट्स आणि डोक्यावर आवरण अशा वेशात खेळल्या, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. फ्रीमनचा पोशाख आणि इराणी खेळाडूंच्या टाइट्स अंगाला घट्ट बसणाऱ्या होत्या. वेगाच्या आड येतो तो सैलपणा, झाकलेपण नव्हे; आणि हे एकदा मान्य केले की तिसऱ्या प्रकाराकडे वळणे सोपे जाते.

हाफ पँटच्या आत टाइट्स घातल्याने चौकात बसताना पँट वर सरकली तरी चिंता राहत नाही, सूर मारताना कातडीऐवजी कापड घासते, आणि पाळीच्या दिवसांत मुलीला एक जादा थर मिळतो. हा शेवटचा मुद्दा बैठकीत कोणी उच्चारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. विंबल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत हट्टी असलेल्या स्पर्धेनेही २०२३ पासून महिलांना आतून गडद रंगाची शॉर्ट घालण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पांढऱ्या शॉर्टऐवजी निळी शॉर्ट स्वीकारली. तेव्हा शाळेचा रंग कोणताही असो, मुलींची पँट गडद असावी. यावर मतभेदाला जागा आहे असे मला वाटत नाही. टाइट्सच्या विरोधात बोलायचे तर त्या दोन थरांमुळे गरम होतात, स्वस्त कापडाच्या असतील तर महिन्यात विरतात, आणि त्यांनी पायाचा आकार दिसतो म्हणून काही पालकांना त्या हाफ पँटइतक्याच खटकतात. या पालकांसाठी वरची पँट गुडघ्याच्या थोडी वर येईल इतकी लांब ठेवावी.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्याच्याभोवती बैठक फिरत असते. मुलींनी आखूड कपड्यांत खेळणे हा त्यांचा अनादर आहे, असे एक पालक म्हणतो. त्यांना झाकून ठेवणे हाच अनादर आहे, असे तरुण शिक्षक म्हणतो. दोघेही कापडाची लांबी मोजून आदर ठरवत आहेत. २०२१ च्या जुलैमधील दोन घटना शेजारी ठेवल्या की या मोजमापाची गंमत दिसते. बल्गेरियातील युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या महिला संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट घातली म्हणून त्यांना एकूण १५०० युरोंचा दंड झाला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे महिलांच्या बिकिनीची बाजूची रुंदी १० सेंटीमीटरपेक्षा अधिक चालत नव्हती; पुरुष मात्र मांडीभर शॉर्ट घालून खेळत होते. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये पॅरालिंपिक खेळाडू ऑलिव्हिया ब्रीन हिला एका महिला पंचाने तिची धावण्याची शॉर्ट फारच आखूड असल्याचे सुनावले. एकीचे कापड जास्त झाले आणि दुसरीचे कमी पडले. त्याआधी २०१८ मध्ये सेरेना विल्यम्सने फ्रेंच ओपनमध्ये पूर्ण अंग झाकणारा काळा पोशाख घातला. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असल्याने तो तिला उपयोगी होता, पण असा पोशाख यापुढे चालणार नाही आणि खेळाचा आदर राखला पाहिजे, असे फ्रेंच टेनिस संघटनेच्या अध्यक्षांनी सुनावले. आपल्याकडे २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या स्कर्टवर एका धर्मगुरूंनी आक्षेप घेतला होता. आखूड, लांब, झाकलेले, उघडे, सगळ्यांवर आक्षेप घेऊन झाले आहेत. एकाही प्रसंगात आक्षेप घेण्यापूर्वी खेळाडूला विचारलेले दिसत नाही.

नॉर्वेच्या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने २०२२ पासून बिकिनीची सक्ती काढली. बीच व्हॉलीबॉलने ही सक्ती २०१२ मध्येच शिथिल केली होती, म्हणून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या खेळाडू पूर्ण अंग झाकून वाळूत खेळू शकल्या. जर्मनीच्या जिम्नॅस्ट टोकियो ऑलिंपिकमध्ये पायभर पोशाखात उतरल्या, आणि त्यांनी सर्वांनी तसेच करावे असे न म्हणता ज्या मुलीला जे सोयीचे वाटते ते तिने घालावे असे सांगितले. ही भूमिका मला सर्वांत शहाणपणाची वाटते. परभणी, बीड, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील अनेक संघांत डोक्यावर स्कार्फ घेणाऱ्या मुलीही असतात, आणि फुटबॉलने २०१४ मध्ये व बास्केटबॉलने २०१७ मध्ये डोक्यावरील आवरणाला मान्यता दिलेली असल्यामुळे शाळेने त्यांना अडवण्याचे कारण उरत नाही. आवरण टाचणीशिवाय, घट्ट बसणारे असावे, एवढेच पाहावे.

आपल्याच शिवारात पाहिले तर कामाप्रमाणे वेश बदलणे आपल्याला नवे नाही. कापूस वेचायला निघालेली बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते, कारण बोंडांनी हात ओरबाडतात. ऊसतोडीला गेलेली बाई कासोटा घालून पोटऱ्या उघड्या ठेवून मोळ्या वाहते, आणि गावातला कोणीही त्यात अनादर शोधत नाही. काम दिसते, म्हणून पाय दिसत नाहीत. मैदानावरच्या मुलीच्या वाट्याला ही नजर का येत नाही, याचे एक उत्तर आजकाल प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाइलमध्ये आहे. दोरीच्या पलीकडे उभा राहून चौकात बसलेल्या मुलींचे पाठीमागून चित्रण करणारा माणूस मी तालुक्याच्या स्पर्धेत पाहिला आहे. आयोजकांच्या लक्षात आणून दिल्यावर मुलींना टी-शर्ट नीट खोचायला सांगण्यात आले. त्या माणसाला काही सांगितले गेले नाही. गणवेशाच्या बैठकीत अर्धा तास पँटवर घालवणार असाल तर दहा मिनिटे यावरही घालवा: पाटीच्या सरळ रेषेत प्रेक्षक उभे राहणार नाहीत अशी दोरी बांधणे, चित्रण कोणी करायचे हे आधी ठरवणे, आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली देणे. या तिन्हींना फारसा खर्च येत नाही.

आमच्या भागात आदर्श शोधायला लांब जावे लागत नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियांका इंगळे यांच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्यानंतर गावोगावच्या मुली मैदानावर येऊ लागल्या आहेत, आणि त्या टिकतील की नाही हे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्यांत ही पँटही आहे.

माझा कौल पुढीलप्रमाणे आहे. खो-खो आणि कबड्डीसाठी शालेय पातळीवर हाफ पँट व आत टाइट्स हा मूळ संच धरावा. धावणे आणि उड्यांसाठी, विशेषतः विभागीय पातळीला लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या मुलींसाठी, टाइट्स किंवा योग्य मापाची हाफ पँट यांपैकी जे तिला हवे ते द्यावे. ट्रॅक पँट प्रवासासाठी, सरावापूर्वीच्या धावण्यासाठी आणि बक्षीस समारंभासाठी सर्वांना असावीच, पण एखाद्या मुलीला तीच घालून खेळायचे असेल तर तिला अडवू नये. समितीने रंग, कापड आणि क्रमांक ठरवावेत. लांबी मुलींवर सोडावी. संघ एकसारखा दिसणार नाही ही भीती अनाठायी आहे, कारण एकाच गडद रंगात शिवलेल्या तीन लांबींच्या पँट दहा पावलांवरून वेगळ्या ओळखू येत नाहीत. स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत पोशाखाबद्दल काही अट असेल तर ती क्रीडाशिक्षकांनी आधी वाचून घ्यावी, म्हणजे ऐन सामन्याच्या सकाळी पंचाशी वाद होत नाही.

संपूर्ण संघाचे कपडे एकदम शिवायला टाकू नयेत. तिन्ही प्रकारांचा एकेक नमुना आधी शिवून घ्यावा, आणि संघातल्या तीन मुलींनी तो घालून चौकात बसून, खो देऊन, खांबावर एक सूर मारून पाहावा. कपडा कोठे ओढला जातो, कोठे काचतो हे त्या शिंप्याला स्वतः सांगतील. उरलेल्या संचांचे कापड त्यानंतर फाडावे.