शंभर टोचण्यांचा डबा: पाचपैकी चार तारे

घोडबंदर रोडला आतल्या बाजूच्या एका निवासी शाळेत मी सिस्टर आहे. महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झाले, घरी करमेना, म्हणून इथे आले. जूनपासून एकदाच वापरायच्या सेफ्टी लॅन्सेटचे, म्हणजे बोट टोचून रक्ताचा थेंब काढायच्या टोचण्यांचे, चार डबे संपवलेत, तेव्हा दोन शब्द लिहायला हरकत नाही.

आधी हे का घेतले ते सांगते. रुजू झाले त्या दिवशी सिकरूमच्या खणात बिस्किटांच्या जुन्या डब्यात एक ग्लुकोमीटर आणि बोट टोचायचं एक पेन होतं. एकच. कोणाला चक्कर आली, काढा पेन. मुलींचं हिमोग्लोबिन बघायचंय, काढा तेच पेन. मावशी अभिमानाने म्हणाल्या, "सिस्टर, सुई दर वेळी नवीन घालतो हां आम्ही." मी पेनचं टोपण उघडून खिडकीपाशी धरलं. जिथे बोट टेकतं त्या भोकाच्या आतल्या कडेला तपकिरी रेघ होती, वाळलेल्या मेंदीसारखी. मावशींना दाखवली, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या.

सुई बदलली तरी टोपण तेच राहतं, आणि लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात त्या हिपॅटायटीस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. डोळ्यांना न दिसणारं रक्तही पुरतं. स्पिरिटचा बोळा फिरवून हे भागत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१० मध्येच बजावलंय की असं पेन एकापेक्षा जास्त माणसांना वापरायचंच नाही, कितीही पुसा. हल्लीच्या मुलांना जन्मल्यावर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना हिपॅटायटीस बीची लस मिळते, पण आमच्याकडे निम्म्या मुलांची लसीकरणाची कार्डंच हरवलेली. आणि तशाच रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटीस सीला तर लसच नाही.

तर हा डबा. जांभळी नाक्याजवळच्या होलसेल मेडिकलमधून घेते. साध्या सुयांपेक्षा चारपट महाग पडतो, त्यावरून रेक्टर सरांशी पहिल्या महिन्यात वाजलंच. वापर सोपा: टोपी पिळून काढायची, बोटाच्या कडेला टेकवून दाबायचं, टक्. सुई टोचून आपोआप आत जाते आणि तिथेच अडकते. दुसऱ्यांदा दाबून बघा, काही होत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तपासणीच्या दिवशी साठ मुलींची रांग असते, माझी मान खाली असते, बाजूला मावशी एकट्या असतात. तिथे शिस्तीवर नाही, वस्तूवर भरवसा ठेवावा लागतो. वापरलेली टोचणी चुकून ट्रेमध्ये परत पडली तरी ती कोणाला टोचणार नाही.

आता तक्रारी. पहिल्यांदा दया येऊन २८ नंबरची बारीक सुई आणली. खो-खो खेळून घट्टे पडलेल्या बोटांतून थेंबच निघेना, मग पिळापिळी, मग दुसरी टोचणी, मग रडारड. २३ नंबरची, म्हणजे जाड सुई, आणली तर काम एका टोचणीत झालं. म्हणजे दया महागात पडली. दुसरं, तो 'टक्' आवाज. तिसरीतली पोरं टोचण्याला नाही, आवाजालाच घाबरतात. मी हल्ली तीनपर्यंत मोजते आणि दोनवर दाबते. तिसरं, आतल्या कागदावर बारीक इंग्रजी, मराठीचा पत्ता नाही. मावशींसाठी मीच चित्रं काढून भिंतीला लावली. एक तारा या कागदासाठी कापलाय.

कचऱ्याचंही बघा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत शाळेची प्रथमोपचार खोलीसुद्धा येते. वापरलेल्या टोचण्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यातच टाकायच्या. आमच्याकडे आधी त्या खरकट्याच्या बादलीत जात होत्या, आणि ती बादली कोण उचलायचं? त्याच मावशी.

एक गोष्ट मात्र या डब्याने सुटत नाही. आमच्याकडे टाइप वन मधुमेहाची दोन मुलं आहेत, सातवीतला आणि आठवीतला, एकाच खोलीत. ग्लुकोमीटर, टोचायचं पेन, इन्सुलिन पेन, सगळं ज्याचं त्याचं वेगळं. ऑगस्टमध्ये धाकट्याचं इन्सुलिन संपलं आणि त्याने रात्री मोठ्याचं इन्सुलिन पेन घेतलं. सकाळी स्वतःच येऊन सांगितलं, "सिस्टर, सुई माझीच लावली होती." पोराचा काय दोष? मोठमोठ्यांनाही हेच वाटतं. टोचल्यावर रक्ताचा अंश उलटा पेनमधल्या इन्सुलिनमध्ये जाऊ शकतो, सुई बदलून तो जात नाही. ते पेन त्याच दिवशी फेकलं. दोघांच्या पालकांना बोलावून हिपॅटायटीस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घेतल्या. पहिल्या ठीक आल्या, पुढच्या तपासण्या फेब्रुवारीत आहेत. आता एकाच्या पेनला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याच्या पेनला निळी, आणि प्रत्येकाचं एक जादा पेन माझ्या फ्रीजमध्ये.

पुढच्या खेपेला २३ नंबरचे तीन डबे घेणार आहे, २८ चा एकच, पहिली-दुसरीसाठी. जादा पेनांचं बिल रेक्टर सरांच्या टेबलावर गेला आठवडाभर पडलंय.