ट्रेलरमधला २३ लिटरचा गीझर: एका हिवाळ्यानंतरचा अभिप्राय

प्रवासी ट्रेलर घेताना माणूस पलंगाची लांबी मोजतो, ओटा आणि कपाटे उघडून बघतो, पण बाहेरच्या भिंतीवरच्या त्या चौकोनी जाळीदार दाराकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते. त्या दारामागे ६ गॅलनचा, म्हणजे सुमारे २३ लिटरचा, गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणारा साठवणीचा गीझर बसवलेला असतो. शून्याखालच्या बऱ्याच रात्री धरून एक अख्खा हिवाळा त्याच्या भरवशावर काढल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. गीझरबद्दल माझी तक्रार फारशी नाही. परंतु थंडीत त्याचे खरे मोल त्याच्यापर्यंत येणाऱ्या आणि त्याच्यापासून निघणाऱ्या पाइपांवर ठरते, त्यामुळे दोन्हींविषयी एकत्रच लिहावे लागेल.

आधी पाणी तापवण्याविषयी. गॅसचा बर्नर साधारण साडेतीन किलोवॅटचा आणि विजेची कॉइल १४४० वॅटची आहे. टाकीभर पाणी १० अंश सेल्सिअसवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १.२ किलोवॅट-तास उष्णता लागते. त्या हिशेबाने नुसत्या विजेवर ५० मिनिटे, धुराबरोबर वाया जाणारी उष्णता धरून नुसत्या गॅसवर अर्धा तास आणि दोन्ही एकदम चालू ठेवल्यास वीस मिनिटांच्या आत पाणी तयार व्हायला हवे. घड्याळ लावून पाहिले तेव्हा हे आकडे थोडेफार मागेपुढे होत जुळले. मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी असेल तर दिवसभर कॉइल आणि अंघोळीच्या वेळी जोडीला बर्नर, ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटली. गॅसवर चालवतानाही ठिणगी आणि नियंत्रण यांसाठी १२ व्होल्टची बॅटरी लागतेच, हे मात्र विसरून चालत नाही.

टाकी लहान आहे ही तक्रार हिवाळ्यात अधिक ऐकू येते आणि त्यामागे साधे गणित आहे. गार पाणी २५ अंशांचे असेल तर ४० अंशांच्या अंघोळीच्या पाण्यात निम्मे गरम पाणी लागते. तेच गार पाणी ५ अंशांचे झाले की दहा भागांतले सात भाग गीझरमधून घ्यावे लागतात. म्हणजे जी टाकी उन्हाळ्यात ४५ लिटर कोमट पाणी देते, तीच कडाक्याच्या थंडीत ३३ लिटरांवर येते, आणि मिनिटाला ६ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली माणसाला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. अंग ओले करून पाणी बंद करणे, साबण लावणे आणि मग पुन्हा पाणी सोडणे, ही शिस्त ज्यांना जमते त्यांना दोन अंघोळी एका टाकीत आरामात होतात.

ज्यांना ती जमत नाही ते टाकीविना, पाणी वाहता वाहता तापवणाऱ्या गीझरकडे वळतात. मीही तो विचार केला आणि सोडून दिला. साधारण १२ किलोवॅटचा असा गीझर, पाण्याचे तापमान ४० अंशांनी वाढवायचे असेल तर मिनिटाला साडेतीन लिटरांच्या आसपासच पाणी देऊ शकतो. शिवाय नळ बारीक केला की ठरावीक प्रवाहाखाली तो आपोआप विझतो, आणि पाणी थांबवून पुन्हा सोडले की मध्येच गार पाण्याचा एक झोत अंगावर येतो. त्याच्या आतल्या बारीक नळ्या गोठू नयेत म्हणून त्याला सतत वीज आणि गॅस पुरवावा लागतो, तो वेगळाच. साठवणीच्या गीझरमध्ये २३ लिटर गरम पाणी ऊबदार आवरणात असते आणि तो चालू असेपर्यंत निदान त्याच्या टाकीची चिंता करावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र मी या गीझरवर अन्याय केला. सगळ्या नळांना कोमटच पाणी येत होते, आणि थर्मोस्टॅट बिघडला असे मी ठरवूनही टाकले होते. प्रत्यक्षात ट्रेलरबाहेरच्या शॉवरच्या गरम आणि गार अशा दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या होत्या आणि पाणी केवळ हातातल्या शॉवरच्या खटक्याने थांबवलेले होते. तिथे गार पाणी गरम पाइपात शिरत होते. गीझरला वगळून पाणी थेट पुढच्या पाइपांत वळवणारा बायपासचा व्हॉल्व्ह अर्धवट फिरलेला असला तरी हेच घडते. दुसरा गैरसमज रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे टाकीतला जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेचा. पाणी तापताना त्यातून दोन-चार थेंब गळतात ते बहुधा बिघाडामुळे नव्हे, तर टाकीच्या माथ्यावरची हवेची गादी पाण्यात विरून गेल्यामुळे. गीझर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यावे, पाणीपुरवठा बंद करावा, गरम पाण्याचा एक नळ उघडावा, आणि रिलीफ व्हॉल्व्हची कडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्यावे, की गादी पुन्हा तयार होते. त्यानंतरही गळत राहिला तर तो व्हॉल्व्ह बदलावा; त्याच्या तोंडाला बूच मारण्याचा विचार मनातही आणू नये.

आता पाइपांकडे. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पेक्स या लवचीक प्लास्टिकचा पाइप हा ताण बराचसा सोसतो, पण सांधे, नळांच्या आतल्या चकत्या, पंपाचे डोके, शौचकुपाचा व्हॉल्व्ह आणि फिल्टरची बरणी यांना ती लवचीकता नसते, आणि तडा गेलेला कळतो तो बर्फ वितळल्यावर. आमच्या ट्रेलरचा तळ बंदिस्त असून फर्नेसच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या, गरम हवेची एक नळी त्यात सोडलेली आहे. ही योजना चांगली आहे, पण तिच्यात एक सापळा आहे आणि मी त्यात नेमका अडकलो. गॅस वाचवावा म्हणून एका रात्री आत विजेचा छोटा हीटर लावला. खोली उबदार राहिल्यामुळे फर्नेस सुरूच झाली नाही, तळात गरम हवा गेली नाही, आणि सकाळी आम्ही अंगात स्वेटरही न घालता कोरड्या नळासमोर उभे होतो. सुदैवाने काही फुटले नाही. तेव्हापासून विजेचा हीटर जोडीला असला तरी फर्नेसचा थर्मोस्टॅट असा लावतो की रात्रभर ती अधूनमधून चालू होईलच, आणि सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवतो.

बाहेरून पाणी आणणारी नळी सर्वांत आधी गोठते. गरम होणाऱ्या नळ्या मिळतात आणि त्या काम करतात, पण बाहेरचा मूळ नळच गोठला तर त्यांचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा दिवसा ट्रेलरची टाकी भरून घेणे, नळी सोडवून रिकामी करणे आणि पंपावर भागवणे मला अधिक खात्रीचे वाटते. सांडपाण्याचे व्हॉल्व्ह बंदच ठेवावेत, कारण थेंबाथेंबाने वाहणारे पाणी नळीत थरावर थर गोठत जाते. सिलिंडरमध्ये प्रोपेन असल्याची खात्री करून घ्यावी. तो उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच बसकण मारतो.

ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करायचा असेल तेव्हा या गीझरची खरी परीक्षा होते. आधी कॉइल आणि बर्नर बंद करावेत, कारण रिकाम्या टाकीत कॉइल चालू राहिली तर पाहता पाहता जळते. पाणी गार झाल्यावर आणि दाब सोडल्यावरच खालचा प्लग काढावा. हाच प्लग म्हणजे मॅग्नेशियमची झिजणारी कांडी. पोलादी टाकीऐवजी ती गंजते, आणि तीन-चतुर्थांश संपली की बदलायची असते. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येऊ लागला तर पाण्यातले जिवाणू आणि ही कांडी यांच्यावर संशय घ्यावा, आणि टाकी क्लोरीनने धुऊन काढावी. त्यानंतर बायपास फिरवून पंपाने गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ (गोठण्यापासून वाचवणारे द्रव) प्रत्येक नळातून, शौचकुपातून आणि बाहेरच्या शॉवरमधूनही रंग दिसेपर्यंत काढावे आणि सांडपाण्याच्या ट्रॅपमध्येही, म्हणजे सिंकखालच्या पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या नळीत, थोडे ओतावे. मोटारीच्या रेडिएटरचे इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते इथे वापरू नये.

पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण बायपासच्या जागेसाठी आहे: तो न फिरवता अँटिफ्रीझ सोडले तर २३ लिटर केवळ गीझरच्या टाकीत जाईल, आणि इतका आवश्यक व्हॉल्व्ह पलंगाखाली सहा स्क्रूंनी जखडलेल्या फळीमागे बसवलेला आहे. ते स्क्रू मी काढून टाकले असून फळीला आता बिजागरी लावली आहे.