युरोचा पगार, शिलिंगांचा खर्च: नैरोबीत एम-पेसावर घर चालवून पाहिलं

हॅम्बुर्गला आमच्या घरचा हिशेब तीन तारखेपर्यंत उरकलेला असायचा. भाडं, वीज, हीटिंग, विमा, इंटरनेट सगळं खात्यातून आपोआप कापलं जायचं, उरेल ते आपलं. नवरा जर्मन, मी साताऱ्याची. पण पैशाच्या बाबतीत इतक्या वर्षांत मीही पक्की जर्मन झालेली. नैरोबीला बदली ठरली तेव्हा त्याने त्याच साच्याची एक्सेल शीट तयार केली. इथे राहून आता बरेच महिने झालेत, एक अख्खा पावसाळाही काढलाय, आणि माझं स्पष्ट मत आहे की तसली शीट इथे चालत नाही. नैरोबी महाग आहे की स्वस्त, हा वाद त्यानंतरचा. मूळ फरक असा की इथे पैसा महिन्याने जात नाही, थोडाथोडा आणि बहुतेक वेळा आगाऊ जातो.

वीज घ्या. मीटर प्रीपेड. फोनवरून हजार शिलिंग भरायचे, मेसेजमध्ये वीस आकडी टोकन येतं, ते भिंतीवरच्या छोट्या कीपॅडवर दाबायचं. युनिट संपत आली की कीपॅड किर्र करायला लागतो, आणि हे हमखास रात्री अकरानंतर होतं. मग एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने आकडे वाचायचे. हजाराला दर वेळी सारखी युनिट मिळत नाहीत, कारण इंधन आणि परकीय चलनाच्या फरकाचा आकार महिन्यागणिक बदलतो आणि वर 16 टक्के व्हॅट. शिवाय वापर 30 युनिटांच्या आत, 100 च्या आत की त्याच्या वर, यावर दर ठरतो. कर धरून आम्हाला युनिट साधारण तीस शिलिंगांच्या आसपास पडतं. सगळ्यात जास्त वीज खातो तो नळाच्या तोंडावर बसवलेला इन्स्टंट शॉवर. तो पाच मिनिटांत आटपायचा नियम घरात लागू केल्यावर महिन्याचं बिल सहा-सात हजारांवर स्थिरावलं. हीटिंगचा खर्च मात्र शून्य! शहर सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे एसीही नको आणि जुलैच्या थंडीत एक जाड गोधडी पुरते.

आता एम-पेसा. सफारीकॉम या मोबाइल कंपनीने 2007 मध्ये सुरू केलेली ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा आज इथलं पाकीट, बँक आणि वाण्याची वही असं सगळंच आहे. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की खातं उघडतं. युरोपातल्या खात्यातून पैसे थेट त्यात आणता येतात. एका व्यवहाराला अडीच लाख आणि शिल्लक पाच लाख शिलिंग ही मर्यादा आहे, म्हणजे घरभाडंही एका दमात जातं. माझ्या दृष्टीने खरा उपयोग मेसेजचा. प्रत्येक व्यवहारानंतर किती गेले, कोणाला, किती वाजता, शिल्लक किती आणि शुल्क किती, हे सगळं एकाच मेसेजमध्ये येतं. आमची हिशेबाची वही म्हणजे हेच मेसेज. रविवारी सकाळी चहा घेत आठवड्याचं स्टेटमेंट काढते आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहिते. हे काम टाळून चालत नाही, कारण स्टेटमेंटमध्ये फक्त माणसांची नावं असतात. भाजीवाली 'मामा' (इथे बाईला मामा म्हणतात) कोणती आणि प्लंबर कोण, हे चार दिवसांनी आपल्यालाच आठवत नाही.

शुल्काचं गणित सुरुवातीलाच समजून घ्या. दुकानाच्या टिल नंबरवर पैसे भरले तर ग्राहकाला काही पडत नाही. माणसाच्या नंबरवर पाठवले तर शंभरपर्यंत फुकट, 101 ते 500 ला 7 शिलिंग, हजारापर्यंत 13. एजंटकडून रोख काढायला गेलात तर पाचशेलाही 29. म्हणून रोख काढण्याची सवय सोडायची. दीडशेच्या भाजीवर सात शिलिंग किरकोळ वाटतात, पण असे व्यवहार दिवसाला पाच-सहा होतात. आमचे महिन्याला हजार-बाराशे निव्वळ शुल्कात जातात. फुलिझा नावाची उचल घ्यायची सोयही आहे, शिल्लक कमी पडली तरी व्यवहार पूर्ण होतो आणि वर आकार लागतो. पगार युरोत असलेल्या माणसाने तिच्या नादी लागू नये.

खाण्याचा खर्च हा आमच्या घरातला कायमचा चर्चेचा विषय. एकाच स्वयंपाकघरात दोन टोपल्या. माझी टोपली पार्कलँड्सची: सिटी पार्क मार्केटची भाजी, डायमंड प्लाझातले पोहे, मसाले, कधी कढीपत्त्याची जुडी. तूरडाळ तर इथलीच, माचाकोस आणि माकुएनीकडे तूर भरपूर पिकते. चपाती केनियाच्या घराघरात होते, त्यामुळे कणकेचा प्रश्नच नाही. पालेभाजीत सुकुमा विकी घ्या, लसणाच्या फोडणीवर परतली की भाकरीबरोबर झकास लागते. अव्होकाडो, जो हॅम्बुर्गला आम्ही एकेक मोजून आणायचो, तो इथे वीस-तीस शिलिंगांना.

नवऱ्याची टोपली मॉलमधल्या सुपरमार्केटची: चीज, ऑलिव्ह तेल, मुसली, जर्मन पद्धतीचा काळा पाव, वाइन. लिमुरूकडे चांगलं चीज बनतं, पण तेही जर्मनीच्या दीडपट पडतं. बाहेरून आलेल्याचं तर नावच घ्यायला नको. एक महिना मी दोन्ही टोपल्यांची बिलं वेगळी ठेवली. माझ्या टोपलीवर दोघंही रोज जेवत होतो, त्याची फक्त न्याहारी आणि संध्याकाळची बशी, तरी दोन्हींचा आकडा जवळपास सारखा आला. कागद बघून तो एवढंच म्हणाला, "वाइन मोजायची नाही, ती औषध आहे." वाइनसाठी आता वेगळा रकाना आहे.

प्रवासाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकवतो तो पाऊस. मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. पाऊस लागला की मटाटूचं, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचं, भाडं कंडक्टरच्या मर्जीवर जातं आणि टॅक्सीचं अ‍ॅपमध्ये दुप्पट दिसतं. त्यात ड्रायव्हर फोन करून विचारणार, कुठे जायचंय, किती दाखवतंय, थोडं वाढवून द्याल का. दर महिन्याच्या 14 तारखेला इंधनाचे नवे भाव जाहीर होतात, त्यानंतरचे दोन-तीन दिवस ही घासाघीस जास्त. आम्ही गाडी घेतली नाही. प्रवासाला कोरड्या महिन्यात वीस हजार आणि पावसात तीस हजार धरतो, आणि तेवढेच लागतात.

किलिमानी भागात दोन बेडरूमचं, फर्निचर नसलेलं घर आम्हाला 95 हजारांना मिळालं. यात बोअरवेल, जनरेटर आणि वॉचमनचा खर्च धरलेला आहे का, हे करारावर सही करण्याआधी विचारा. नाहीतर भाडं कमी आणि सर्व्हिस चार्ज तगडा असा प्रकार होतो. पालिकेचं पाणी आठवड्यातले ठराविक दिवसच येतं, टँकर मागवावा लागला तर तो कोणाच्या खिशातून, हेही लिहून घ्या. गिगिरी, रुंडा या भागांत यूएनची मंडळी राहतात. तिथे भाडं बऱ्याचदा डॉलरमध्ये सांगतात, आणि युरो कमावणाऱ्याला तो आणखी एक विनिमय अंगावर येतो.

विनिमयाचं निघालंच आहे तर हेही सांगते. 2024 च्या सुरुवातीला डॉलर 160 शिलिंगांपर्यंत गेला होता, काही आठवड्यांतच 130 कडे आला आणि तेव्हापासून तिथेच रेंगाळतोय. युरो मात्र 2025 मध्ये 134 च्या आसपासवरून 150 पर्यंत चढला. म्हणजे काहीही न करता आमचा पगार इथे दहा टक्क्यांहून जास्त वाढला. हे टिकेलच असं मी धरत नाही. आमचं बजेट आजही 140 च्या दराने मांडलेलं आहे, वरचा फरक मुंबई-पुण्याच्या तिकिटांच्या खात्यात.

घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार हा मी इतर खर्चांसारखा घासाघिशीचा विषय मानत नाही. नोव्हेंबर 2024 पासून नैरोबीत साध्या मजुरीचं किमान वेतन 16 हजार शिलिंगांच्या थोडं वर आहे. परदेशी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत "माझी बारा हजारांत येते" असं अभिमानाने सांगणारे भेटतात, आणि तेच लोक शनिवारी बाहेर जेवायला तेवढे उडवतात. आम्ही पंचवीस देतो. एनएसएसएफ (निवृत्तीचा सरकारी निधी), गृहनिर्माण लेव्ही (घरबांधणीसाठीचा सरकारी कर) आणि आरोग्य विम्याची कपात दर महिन्याला रीतसर भरतो. गृहनिर्माण लेव्हीत दीड टक्का मालकाचाही असतो, तो वेगळा धरा.

सगळं मिळून आमचे महिन्याला सुमारे अडीच लाख शिलिंग होतात, आजच्या दराने साडेसोळाशे-सतराशे युरो. हॅम्बुर्गला यात भाडं आणि हीटिंग भागवून फारसं काही उरलं नसतं. पण हा आकडा मूल नसलेल्या दोघांचा आहे आणि आरोग्य विमा नोकरीतून आहे. शाळेत जाणारी मुलं असतील तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय शाळेचं फीपत्रक आधी मागवा, ते शिलिंगांत आहे, युरोत की डॉलरमध्ये ते पाहा, आणि ती फी कंपनी भरणार का हे बदलीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घ्या.