प्राणिजन्य घटकांविना जलरंग : एका व्हीगन संचाचे परीक्षण

चित्रकलेच्या सामानात प्राणी किती ठिकाणी दडलेला असतो, याची कल्पना नेमाने चित्रे काढणाऱ्यांनाही बहुधा नसते. कोलिन्स्की सेबल या नावाने विकल्या जाणाऱ्या उंची ब्रशांचे केस सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे असतात, काळ्या रंगात अनेकदा जाळलेल्या हाडांची पूड असते, अस्सल कार्माइन हे लाल रंगद्रव्य कोचिनील नावाच्या किड्यांपासून निघते आणि जलरंगाच्या काही नामवंत कागदांना जिलेटिनची, म्हणजे कातडी व हाडे उकळून काढलेल्या सरसाची, खळ दिलेली असते. त्यामुळे पशुहत्येचा निषेध करणारे भित्तिपत्रक हाडांच्या काळ्या रंगाने रंगवले जाणे मुळीच अशक्य नाही. ही विसंगती ज्यांना खटकते त्यांच्यासाठी संपूर्ण व्हीगन म्हणवणारे संच आता बाजारात आहेत. त्यांपैकी एक, ज्यात रंगांच्या बारा वड्या, तीन ब्रश आणि दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कागदाची वही मिळते, पुरेसा वापरून हे परीक्षण लिहीत आहे. तत्त्वासाठी चित्राच्या गुणवत्तेत तडजोड करावी लागते का, एवढाच प्रश्न मनाशी होता आणि त्याचे उत्तर संचातल्या प्रत्येक वस्तूसाठी वेगळे निघाले.

रंगांच्या बाबतीत तडजोड जवळपास नाहीच, उलट काही ठिकाणी फायदाच आहे. अस्सल कार्माइन दिसायला कितीही देखणे असले तरी उजेडात ते टिकत नाही. भिंतीवर लावलेल्या चित्रातला त्याचा गुलाबीपणा काही वर्षांत फिका पडतो. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात असे सांगितले जाते, आणि एवढे करून हाती येणारा रंग उडून जाणारा! या संचात त्याच्या जागी क्विनॅक्रिडोन या कृत्रिम रंगद्रव्यांच्या गटातले, पीव्ही १९ या सूचीक्रमांकाचे रंगद्रव्य वापरले आहे. १९५८ पासून व्यापारी प्रमाणावर तयार होत असलेली ही रंगद्रव्ये पारदर्शक आणि उजेडाला टिकाऊ आहेत. संचातल्या वडीचा पातळ थर ओल्या कागदावर सोडला तेव्हा तो कडेपर्यंत एकसारखा पसरला आणि वाळल्यावरही त्याचा ताजेपणा गेला नाही. सेपिया या तपकिरी रंगाचेही तसेच. पूर्वी तो कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईपासून बनत असे, येथे तो काजळी आणि मातीच्या तपकिरी रंगद्रव्यांच्या मिश्रणाने साधला आहे.

चुकल्यासारखे वाटते ते फक्त काळ्या रंगाच्या बाबतीत. हाडांपासून बनणारे पीबीके ९, जे आजही आयव्हरी ब्लॅक या नावाने विकले जाते, थोडे उबदार आणि दुबळे असते. पिवळ्यात मिसळले की त्यातून मऊ, शेवाळी हिरवा मिळतो. संचातला काजळीचा काळा मात्र जबरदस्त आहे. ब्रशाच्या टोकावर राईएवढा घेतला तरी शेजारचा रंग गिळून टाकतो आणि एकदा कागदात मुरला की पुसून निघत नाही. त्यात जराशी बर्न्ट अंबर ही गडद तपकिरी छटा मिसळली तर बरीचशी उब परत येते. (एरवीही निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना यांच्यातून स्वतःचा काळा तयार करणाऱ्यांना या वडीची गरज भासणार नाही.)

जलरंगातले बंधक, म्हणजे रंगद्रव्य कागदाला चिकटवून ठेवणारा घटक, हा बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक असल्यामुळे तेथे मुळातच अडचण नसते. प्रश्न येतो तो वडी ओलसर ठेवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या मधाचा आणि रंग सहज वाहावा म्हणून घातल्या जाणाऱ्या बैलाच्या पित्ताचा. या संचात मधाऐवजी वनस्पतिजन्य ग्लिसरीन आहे. मधाच्या वड्यांपेक्षा या वड्या किंचित कडक लागतात, पण काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकीवर पाण्याचे दोन थेंब टाकून ठेवले की तक्रार राहत नाही.

ब्रशांविषयी अधिक विस्ताराने लिहायला हवे, कारण व्हीगन साहित्याबद्दलचा सर्वांत जुना आक्षेप येथेच आहे. विन्सर अँड न्यूटन या ब्रिटिश कंपनीने १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी घडवलेल्या सिरीज ७ या ब्रशांपासून कोलिन्स्कीला जी प्रतिष्ठा मिळाली ती अजून ओसरलेली नाही, आणि तिला तांत्रिक आधारही आहे. नैसर्गिक केसाच्या पृष्ठभागावर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात, त्यांच्यात पाणी धरून राहते आणि ते कागदावर सावकाश उतरते. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा धागा गुळगुळीत असल्याने पाणी चटकन सोडतो. उत्पादक आता वेगवेगळ्या जाडीचे आणि नागमोडी धागे एकत्र बांधून ही उणीव भरून काढू पाहतात. संचातल्या आठ नंबरच्या गोल ब्रशात तो प्रयत्न दिसतोही, परंतु पूर्ण साधलेला नाही. ब्रश रंगात बुडवून गवताचे लांब पाते ओढले की सुरुवातीला थेंब साचतो आणि पाते संपण्याआधीच ब्रश कोरडा पडतो. बुडवल्यावर फडक्याला हलकेच टेकवून घेण्याची आणि वारंवार रंग घेण्याची सवय केली तर हा दोष बराच झाकला जातो. याउलट चार नंबरच्या ब्रशाचा ताठपणा मला सेबलपेक्षा सरस वाटला. पानाच्या शिरा काढताना तो दाबाबरोबर वाकतो आणि दाब काढताच सरळ होतो, त्यामुळे बारीक रेघ हवी तेथेच थांबवता येते. वापराने त्याचे टोक आकड्यासारखे वळू लागले, तेव्हा क्षणभर गरम पाण्यात बुडवून बोटांनी आकार दिल्यावर ते बरेचसे पूर्ववत झाले. तिसरा, चपटा ब्रश मोठे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे रुंद थर, देण्यापुरता ठीक आहे.

हे धागे खनिज तेलापासून बनतात आणि कुजत नाहीत, हेही नोंदवायला हवे. प्राण्याला वाचवणारी प्रत्येक वस्तू पर्यावरणालाही निर्धोक असते असे नाही. निदान ब्रश वर्षानुवर्षे जपून वापरावेत, स्वस्त म्हणून फेकून देऊ नयेत.

संचाची खरी पडती बाजू आहे कागद. जिलेटिनची खळ दिलेल्या कागदावर रंग काही काळ वरच राहतो, ओल्या ब्रशाने उचलता येतो आणि कागद घासणेही सहन करतो. येथे खळ कागदाच्या लगद्यातच मिसळलेली आहे आणि तीही अपुरी वाटते, कारण आकाशाचा निळा थर पाहता पाहता आत शोषला गेला आणि ढगासाठी रंग उचलायला गेल्यावर कागदाचे तंतू उसवले. हा दोष प्राणिजन्य खळ वगळल्याचा नसून कागद कमी प्रतीचा निवडल्याचा आहे. फाब्रियानोच्या आर्टिस्टिको कागदात प्राणिजन्य खळ नसते, तरीही तो पूर्ण सुती आणि दमदार आहे. आर्शच्या जलरंग कागदाला मात्र जिलेटिन असते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. संचातली वही सरावाच्या रेखाटनांसाठी बाजूला ठेवून चांगला कागद वेगळा घेणे श्रेयस्कर. नुसत्या वड्या आणि गोल ब्रश सुटे मिळत असतील तर मी तेवढेच घेण्याचा सल्ला देईन.

शेवटी संचासोबतच्या पुस्तिकेविषयी. तिची पहिली काही पाने वासरांची आणि खारींची गोजिरवाणी छायाचित्रे व करुणेची आवाहने यांनी भरलेली आहेत. प्रचाराला माझा आक्षेप नाही. व्हीगन सोसायटी १९४४ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून ही चळवळ प्रचारावरच वाढली आहे. आक्षेप आहे तो माहितीच्या कंजूषपणाला. पुस्तिकेत ‘क्रूरतामुक्त’ आणि ‘व्हीगन’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत. वास्तविक पहिला शब्द सहसा प्राण्यांवर चाचणी न केल्याचे सांगतो, घटकांविषयी काहीच सांगत नाही, आणि कोचिनील असलेला रंगही त्या नावाखाली विकला जाऊ शकतो. बारापैकी तीन वड्यांवर रंगद्रव्याचा क्रमांक नाही, वहीच्या बांधणीला कोणता गोंद लावला आहे याचा उल्लेख नाही आणि स्वतंत्र संस्थेचे प्रमाणचिन्हही कोठे आढळत नाही. प्राण्यांचा विचार करून जास्त पैसे मोजणारा ग्राहक प्रत्येक घटकाची चौकशी करणारच. पुढच्या आवृत्तीत उत्पादकाने दोन छायाचित्रे कमी करून त्या जागी सर्व रंगद्रव्यांचे क्रमांक, ग्लिसरीनचा स्रोत आणि गोंदाचा प्रकार छापावा.